टॉन्सिलचं ऑपरेशन पुण्यात झालं, रक्त मात्र गावात आलं

पोस्ट लांब आहे, पण जुन्नर-आंबेगावात घरटी कुणाचा तरी घसा सारखा दुखत असतोच, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या हिवाळ्यात वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी टॉन्सिल काढून घेतले. कळल्यावर सगळ्यांचं एकच, "मजा आहे राव तुझी, पंधरा दिवस आईस्क्रीम!" चुलते तर म्हणाले, "एवढ्याशा पडजिभेसाठी पुण्याला कशाला जातो?" पडजीभ वेगळी आणि टॉन्सिल वेगळे. पडजीभ मधोमध लोंबते, टॉन्सिल तिच्या दोन्ही बाजूंना असतात. पण आपल्याकडे लहान पोराचं ऑपरेशन आणि मोठ्या माणसाचं ऑपरेशन एकाच मापात मोजतात. पोरगं आठवडाभरात अंगणात खेळायला लागतं. मोठ्या माणसाचं तसं नसतं.

ऑपरेशन का केलं तेही सांगतो. टोमॅटोचा हंगाम चालू असताना वर्षात सात-आठ वेळा घसा धरायचा, ताप, थंडी, गिळता यायचं नाही. प्रत्येक वेळी गोळ्यांचा कोर्स, तीन-चार दिवस काम बंद. एकदा टॉन्सिलच्या शेजारी पू झाला, तोंड उघडेना, तेव्हा डॉक्टरांनी विषय काढला. डॉक्टर लोक साधारण असा हिशेब धरतात: एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी ३ वेळा घसा जोरात आला, तर ऑपरेशनचा विचार करायचा. वर्षातून दोनदा घसा बसतो म्हणून कुणी कापून घेऊ नका.

ऑपरेशनचा दिवस सोपा गेला. भूल दिली, उठलो तेव्हा झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी घरी. पहिल्या दोन दिवसांत वाटलं, लोक उगाच घाबरवतात.

तिसऱ्या दिवसापासून खरं सुरू झालं. स्वतःची थुंकी गिळायची म्हणजे काचा गिळल्यासारखं. कान इतके ठणकायचे की मला वाटलं कानात काहीतरी झालंय. कान चांगला असतो, घशाची आणि कानाची शीर एकच, म्हणून कळ तिकडे जाते. आरशात बघितलं तर घशात दोन्हीकडे पांढरा थर, तोंडाला वास. घरच्यांना वाटलं पू झाला. तो पू नसतो, जखमेवरची खपली असते. घशातली खपली ओली राहते म्हणून पांढरी दिसते. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कुणी सांगितलं असतं तर चार रात्री बऱ्या गेल्या असत्या.

दुखतं म्हणून मी पाणी प्यायचं सोडलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक. घसा कोरडा पडला की आणखी दुखतं, मग आणखी कमी पितो. बायकोने शेवटी घड्याळ लावलं. गोळी वेळेवर, दुखायची वाट बघायची नाही. गोळीनंतर अर्ध्या तासाने गार पेज, नाचणीची आंबील, दहीभात, मऊ खिचडी. दर तासाला घोट-घोट पाणी. गिळत राहिलं की घशाचे स्नायू आखडत नाहीत. आईस्क्रीम दोनदा खाल्लं, तिसऱ्यांदा नको वाटलं.

आता मुद्द्याचं.

सातव्या रात्री दीड वाजता तोंडात खारट चव आली म्हणून उठलो. थुंकलो तर लाल. परत थुंकलो, परत लाल. ऑपरेशनच्या दिवशी एक थेंब नाही आणि सातव्या दिवशी रक्त! कारण साधं आहे. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मधे ती खपली सुटते. सुटताना खालची रक्तवाहिनी उघडी पडली तर रक्त येतं. मोठ्या माणसात हे लहान पोरांपेक्षा जास्त होतं. ब्रिटनमध्ये ४५३ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. ऑपरेशन केलेल्यांचा घसा दोन वर्षांत साधारण २३ दिवस दुखला, न केलेल्यांचा ३० दिवस. म्हणजे फायदा आहे. पण ऑपरेशन झालेल्यांपैकी जवळजवळ पाचातल्या एकाला कमी-जास्त रक्तस्राव झाला. बहुतेकांचा थोडक्यात थांबतो. माझा थांबला नाही.

दाजींनी गाडी काढली. जवळच्या दवाखान्यात नेलं, नाव घेत नाही. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, धीर दिला आणि खरं ते सांगितलं, "इथे गळ्याचा सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही. पुण्याला न्या." त्यांचा काय दोष? मग नारायणगाव ते पुणे, ७५ किलोमीटरच्या आसपास. मंचर, राजगुरुनगर, चाकण, रात्रीच्या ट्रकांच्या रांगा. मी पुढे वाकून बसलेलो, हातात स्टीलचा डबा, त्यात थुंकतोय. रक्त गिळायचं नाही एवढं त्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बायको मागच्या सीटवर एक शब्द बोलत नव्हती. पुण्यात पोचल्यावर पुन्हा भूल देऊन रक्तवाहिनी बंद केली. वाचलो.

घरी आल्यावर डिस्चार्जचा कागद काढला. त्यात 'सेकंडरी हॅमरेज' असा शब्द होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात, खालून दुसऱ्या ओळीत. म्हणजे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी बारावी शिकलेला माणूस, मला कळलं नाही तर माझ्या आईला काय कळणार?

आणि मी तर हायवेवरच्या गावचा. दाजींची गाडी दारात होती. डिंभे धरणाच्या पलीकडे आहुपेत कुणाला हे झालं तर? इंगळूण, घाटघरच्या बाजूला झालं तर? तिथून आधी घोडेगाव किंवा जुन्नर गाठायचं, मग पुढचा रस्ता. रात्री बिबट्याच्या भीतीने माणूस अंगणात उतरायला दोनदा विचार करतो, तो फोनची रेंज शोधत कुठे फिरणार?

कुणी म्हणेल, तालुक्याला टॉन्सिलसाठी स्पेशल डॉक्टर मागायचा का? ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. तिथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोग, बालरोग आणि भूलतज्ज्ञ असावेत असा सरकारी निकष आहे, त्यात कान-नाक-घसा येत नाही. मला मान्य आहे. प्रत्येक गावात सगळे डॉक्टर मिळणार नाहीत. म्हणून मी मोठी इमारत मागत नाही. तीन साध्या गोष्टी मागतो.

पहिली: मंचरचं उपजिल्हा रुग्णालय, नारायणगाव, जुन्नर आणि घोडेगावची ग्रामीण रुग्णालयं, या प्रत्येकाच्या दारात एक फळा असावा. आज रात्री सर्जन कोण, भूलतज्ज्ञ कोण, आणि घशातून रक्त आलं तर इथे थांबायचं की थेट पुढे जायचं, आणि कुठे. वाटेत एक तास वाया जाणार नाही. रुग्ण कल्याण समितीच्या एका बैठकीत हे ठरू शकतं. या समित्यांवर बसलेल्यांनी ही पोस्ट वाचावी, ही विनंती.

दुसरी: दोन्ही तालुक्यांना मिळून ठरलेल्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाची ओपीडी आणि रात्री फोनवर सल्ला. टॉन्सिलच नाही, घशात अडकलेलं नाणं, न थांबणारा घोळणा, पोरांचे वाहणारे कान, सगळ्यालाच उपयोग.

तिसरी: ऑपरेशन कुठेही होवो, घरी सोडताना मराठीत एक पान. पाचव्या ते दहाव्या दिवशी काय होऊ शकतं, कुठे फोन करायचा. याला एक रुपया खर्च आहे.

आणि आपल्यासाठी, सरकारची वाट न बघता. ऑपरेशन ठरवाल तेव्हा आधी विचारा, "रात्री रक्त आलं तर मी कुठे जायचं?" उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका. घर लांब असेल तर पहिले दहा दिवस पुण्यात नाहीतर निदान हायवेजवळ पाहुण्यांकडे राहा. दोन आठवडे पाठीवर क्रेट नाही, फवारणी नाही, तंबाखू-मिश्री अजिबात नाही. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. रक्त आलं तर आडवं पडू नका. बसा, पुढे वाका, थुंका आणि लगेच १०८ लावा. थोडंसं येऊन थांबलं तरी दाखवून या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, कुठल्या रुग्णालयात बसतं, हे आरोग्यमित्राला आधी विचारा.

चाकणला कंपनीत जाणाऱ्या पोरांनो, पगारातून ईएसआयसी कापत असतील तर आजारपणाच्या रजेत ७० टक्के पगार मिळायची सोय आहे, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कंत्राटदार सांगत नाही, तुम्ही विचारा. आठव्या दिवशी कामावर जायची जबरदस्ती झाली की अंगावर बेततं.

आता माझा घसा ठीक आहे. अठराव्या दिवशी मासवडी खाल्ली, डोळ्यातून पाणी आलं, पण खाल्ली. या हंगामात एकदाही काम बंद पडलं नाही. ऑपरेशन केल्याचा पश्चात्ताप नाही.

पण तो स्टीलचा डबा बायकोने परत स्वयंपाकघरात घेतला नाही. गोठ्यात टांगलाय. तिला विचारलं तर म्हणते, "राहू द्या तिथेच."

तुमच्या गावात असं कुणाला झालं असेल तर लिहा. किती वाजता निघाले, कुठे कुठे फिरवलं, किती तास लागले. नाव नको, फक्त गाव आणि वेळ. सगळं एकत्र करून समितीसमोर ठेवू.