उष्टावणाची वाटी आणि सुनेची साक्ष

उष्टावणाला आपल्या खानदेशात घर कसं भरून जातं! मामाच्या मांडीवर सहा महिन्यांचं पोर, समोर वाटी, वाटीत खीर. त्या खिरीत काय काय असतं ते एकदा मोजून पाहा. म्हशीचं दूध, गव्हाच्या शेवया, तूप, काजू-बदामाची पूड, चारोळी. आईच्या दुधाशिवाय काही न चाखलेल्या जिवाला आपण पहिल्याच घासाला एवढं सगळं भरवतो. मग आजी वरणभाताचं बोट चाटवते, आत्या पेढ्याचा कण लावते, शेजारीण भज्याचा तुकडा चोखायला देते. दुपार कलेपर्यंत पोटात आठ-दहा नवे पदार्थ गेलेले असतात. संध्याकाळी अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, पोर भडाभडा ओकलं, तर त्यातलं नेमकं काय बाधलं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

आपल्याला ते शोधायचंच नसतं म्हणा. आपला गुन्हेगार आधीच ठरलेला असतो. "पोऱ्याले नजर लागनी," एवढं एकीने म्हणायचा अवकाश, की गल्लीतल्या ज्या बाईला आपण वांझ म्हणून हिणवतो तिच्याकडे सगळ्यांचे डोळे वळतात. मीठ, मोहऱ्या, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन पोरावरून उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. ठसका लागला नाही तर नजर जबर होती म्हणायचं. ज्या लेकराचा श्वास आतल्या सुजेने आधीच अडत असेल, त्याला मिरचीच्या धुरापाशी धरून आपण त्याची पिडा काढतो. याला माया म्हणायचं की क्रौर्य, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

दुसरी गुन्हेगार पोराची आई. "काय खादं वं तू?" हा प्रश्न तिला दिवसातून दहा वेळा. तिने वांगं खाल्लं म्हणून पुरळ आलं, दाणे खाल्ले म्हणून जुलाब झाले, अशी यादी वाढत जाते आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटात शेवटी भाकरी आणि पातळ वरण उरतं. पोराच्या तोंडात खीर घालणारे दहा हात मात्र निर्दोष! खरं तर आईच्या आहारातून दूध वगैरे बंद करावं लागणारी बाळं थोडीच असतात आणि तो निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा असतो, ओट्यावरच्या बायकांनी नव्हे.

हे सगळं अडाणीपणामुळे होतं, असं म्हणून मी समाजाला सोडणार नाही. एखाद्याच्या अंगाला एखादी वस्तू चालत नाही, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. बिब्बा साऱ्यांनाच उतत नाही; कुणाला तेल लागलं तरी काही होत नाही, कुणाचं नुसत्या स्पर्शाने तोंड सुजून डोळे मिटतात. गावातला गुराखीसुद्धा हे जाणतो. बिब्बा उतला तर आपण बिब्ब्याला दोष देतो. दूध किंवा अंडं उतलं, तर बाईला. ज्ञान घरात आहे, पण ते वापरलं तर कुणाला तरी दोषमुक्त करावं लागेल, इथे घोडं पेंड खातं.

अन्नाची ॲलर्जी ओळखण्याला सुरुवातीला मोठं यंत्र लागत नाही. लागतो एक साक्षीदार, ज्याने पोराला काय, किती, केव्हा भरवलं हे पाहिलंय आणि त्यानंतर काय झालं हेही पाहिलंय. तो साक्षीदार बहुतेक घरांत वीस-बावीस वर्षांची सून असते. "आत्याबाई, अंड्याचा बलक दिला की दर वेळी याच्या अंगावर गांधी येतात," असं ती सांगते, आणि सासू म्हणते, "आम्ही नाही का पोरं वाढवली?" नवरा मोबाइलमधून मान वर काढत नाही. तिथेच निदान मरतं. पुढे दवाखान्यात हकीकत कोण सांगतं? सासरा. त्याने पोराला भरवताना कधी पाहिलेलं नसतं.

म्हणून काय पाहायचं ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू करायचं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपण मात्र मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करतो. मुलीची आतडी महिनाभर आधी पिकतात की महिनाभर उशिरा, ते पंचांगकर्त्यांनी एकदा सांगून टाकावं! नवा पदार्थ एका वेळी एकच, चमचाभर, सकाळच्या वेळी. दोन-तीन दिवस तोच, मग दुसरा. रावेर-यावलकडे कुस्करलेल्या केळ्याने सुरुवात करतात, ती चांगलीच, कारण वाटीत एकच वस्तू असते. दूध, अंडं, शेंगदाणे, गहू, सोयाबीन, तीळ, मासे, काजू-बदाम यांचा त्रास व्हायचा तर बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतो: गांधी, डोळ्या-ओठांची सूज, उलटी, खोकला. काही बाळांना मात्र एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात आणि ती पांढरीफटक, मलूल पडतात, तेव्हा "सकाळच्या नाचणीचा याच्याशी काय संबंध?" असं म्हणून चालत नाही. टोमॅटोने हनुवटी लाल झाली, एखादी शी पातळ झाली, एवढ्याने ॲलर्जी ठरत नाही. पण छातीत घरघर, रडण्याचा आवाज बसणं, जीभ सुजणं, पोराने मान टाकणं, यांतलं काहीही दिसलं की 108ला फोन. अशा वेळी मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. खाजेचं औषध पाजून वाट पाहत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्यात गुन्हा ठरवलं आहे. घरच्या चुलीवरच्या मिरच्यांना तो कायदा पोहोचत नाही, आणि पोहोचावा अशी माझी मागणीही नाही. आजीला कोर्टात नेऊन काही साधायचं नाही. सुनेचं बोलणं ऐकायला कलम कशाला लागतं?

शहरातल्या शिकलेल्यांनी इथे हसू नये. जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांत आता दुसरंच खूळ शिरलंय: ॲलर्जीसाठी रक्ततपासणीचं एक मोठं पॅनेल करायचं आणि त्यात जे जे लाल रंगात छापून येईल ते ते पोराच्या ताटातून काढायचं. रक्तात खूण दिसणं आणि ते अन्न खरोखर बाधणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बंगळूर-म्हैसूर भागातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत तशी खूण अनेकांत सापडली. खरी ॲलर्जी मात्र हजारी एक-दोन मुलांत. आणि भीतीने पदार्थ लांबवत नेणंही अंगाशी येतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी 2000 साली सांगितलं होतं की जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. 2008मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला. 2015 साली लंडनच्या गिडियन लॅक यांच्या चमूने 640 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ही बाळं. ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून दाण्याचा पदार्थ नियमाने दिला, त्यांच्यात दाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी झाली. आपल्या आज्या भाजीतलं दाण्याचं कूट बोटाने चाटवत आल्या, त्यात त्या डॉक्टरांच्या पुढे होत्या हे मोकळेपणाने मान्य करावं. मात्र कूट पातळ करून. अख्खा दाणा कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि पोराला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टर.

साक्री-शिरपूरच्या पाड्यांवर ताटातून पदार्थ काढून टाकायची चैन नाही. तिथे सरकारच्या अमृत आहार योजनेतलं अंडं किंवा केळं हाच पोराचा मोठा आधार असतो. एकदा अंगावर लाल ठिपका दिसला म्हणून ते अंडं कायमचं बंद केलं, तर ॲलर्जीपेक्षा कुपोषण आधी गाठेल. तिथल्या आईला खरी ॲलर्जी कोणती आणि उगाच भीती कोणती हे समजावून सांगणं जास्त गरजेचं. ते सांगायची जबाबदारी आपण तुटपुंज्या मानधनावरच्या अंगणवाडी सेविकेवर टाकून मोकळे झालो आहोत.

ती सेविका मातांची बैठक बोलावते, तेव्हा बाप कुठे असतो? केळीच्या बागेला ठिबकमधून युरिया कोणत्या तारखेला गेला, कपाशीवर कोणतं औषध कितव्यांदा फवारलं आणि पान कधी पिवळं पडलं, हे त्याच्या डायरीत तारीखवार लिहिलेलं असतं. त्याच डायरीत एक पान पोरासाठी काढावं, बायको सांगेल ते लिहावं, गांधी उठल्या तर मोबाइलने फोटो काढावा आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की आपण गप्प बसून तिला बोलू द्यावं.