सोसत नाही म्हणे!

"तुझ्या कानाला सोन्याशिवाय काही सोसत नाही," हे आत्याचं पेटंट वाक्य. परवा पाळी लाल होऊन खाजायला लागली, तेव्हाही ऐकवलंच! आत्या, दोष कानाचा नाही गं, निकेलचा आहे. त्या जर्मन सिल्व्हरच्या झुमक्यांत चांदी औषधालाही नसते. असतं तांबं, जस्त आणि निकेल. भोकं २० वर्षांपूर्वी भरून आली म्हणून ॲलर्जी टळत नाही. आणि सोन्याचं कौतुक म्हणशील, तर व्हाइट गोल्डमध्येही निकेल असू शकतं!

मी आता टायटॅनियमचे टॉप्स घालते. आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुते, कोरडे पुसते. संपलं. दुकानात चमक बघू नका, धातू विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल, तर सरळ उठा!

असो. आत्या, रागावू नकोस.