घरी विमान बांधता येतं. पण ते ठेवायचं कुठे?

तुमच्या फीडमध्येही असा रील येऊन गेला असेल. गॅरेजमध्ये एक माणूस अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जोडतोय, टाइमलॅप्समध्ये पंख तयार होतात, आणि साठ सेकंदांत विमान ढगांत! खाली कमेंट्स ठरलेल्या: 'आपल्याकडे कधी होणार?', 'भारतात टॅलेंटची कदर नाही', 'भाऊ, किती खर्च आला?'

प्रश्न बरोबर आहेत, पण त्या साठ सेकंदांत चार-पाच वर्षं कापून टाकलेली असतात. ती वर्षं म्हणजे एका अर्धवट विमानाला जपत बसण्याची वर्षं. सध्या हा विषय चर्चेत येण्याचं कारणही आहे: अमेरिकेने छोट्या विमानांचे नियम बरेच सैल केलेत. म्हणून घरी बांधलेलं विमान म्हणजे नेमकं काय, ते कसं बनतं, कुठे ठेवतात आणि आपल्याकडे गाडी कुठे अडते, हे नीट समजून घेऊ.

अमेरिकेत नवं काय घडलं?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने, म्हणजे एफएएने, 'मोझेक' नावाचा नियम जाहीर केला. त्याआधी २००४ पासून 'लाइट स्पोर्ट' विमानाची व्याख्या अगदी घट्ट होती: वजन जास्तीत जास्त ६०० किलो, सीट दोन, वेग १२० नॉट्सपर्यंत.

नव्या नियमात वजनाची ती मर्यादा काढून टाकली. त्याऐवजी मुख्य निकष ठरला स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याच्या खाली वेग गेला की पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग. यामागचं लॉजिक सोपं आहे. विमान जितक्या कमी वेगात उडत राहू शकतं, तितक्या कमी वेगात ते उतरवता येतं. आणि काही बिघडलंच, तर धक्काही तितकाच कमी.

स्पोर्ट पायलटसाठीचे बदल २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. विमानांच्या प्रमाणपत्रांसाठीची तारीख आहे २४ जुलै २०२६. स्पोर्ट पायलटला आता चार सीटचं विमानही उडवता येतं, फक्त सोबत प्रवासी एकच. मेडिकल सर्टिफिकेटऐवजी गाडीचं लायसन्स चालतं, ही सोय आधीपासून होती. फरक असा की ती सोय आता खूप जास्त विमानांना लागू झाली, आणि त्यात घरी बांधलेली अनेक विमानंही आली.

'होमबिल्ट' म्हणजे जुगाड नव्हे

इथे एक गैरसमज दूर करू. होमबिल्ट म्हणजे बाइकचं इंजिन, वेल्डिंग केलेले पाइप आणि देवाचं नाव, असं नाही. बहुतेक लोक किट घेतात. ओरेगॉनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या 'आरव्ही' मालिकेची १० हजारांहून जास्त विमानं जगभरात उडाली आहेत. किटमध्ये कापलेले पत्रे, भोकं पाडलेले भाग, ड्रॉइंग्ज आणि पायरीपायरीने सूचना येतात. जोडणी तुमची.

अमेरिकेत यासाठी ५१ टक्क्यांचा नियम आहे. बांधणीच्या कामातला निम्म्याहून मोठा वाटा हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असला पाहिजे. तसं असेल तर विमानाला 'एक्सपेरिमेंटल' गटात प्रमाणपत्र मिळतं आणि तो शब्द विमानावर दिसेल असा लिहावा लागतो. पहिले २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच चाचणी उड्डाणं करायची. भाडं घेऊन प्रवासी न्यायचे नाहीत.

वेळेचा हिशोब करून बघा. साध्या दोन सीटच्या धातूच्या विमानाला १५०० ते २००० तास लागणं नेहमीचं आहे. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले, एकही सुट्टी घेतली नाही, तरी २००० तासांना १००० दिवस होतात. म्हणजे पावणेतीन वर्षं. लग्नकार्य, आजारपण, दिवाळी धरली तर पाच वर्षं सहज.

खरा व्हिलन: पडून राहणं

या पाच वर्षांत विमान एकाच जागी पडून असतं. आणि विमान वापरून जितकं झिजतं, त्यापेक्षा पडून राहून जास्त खराब होऊ शकतं.

आधी जागेचंच बघा. आरव्ही-१४ या दोन सीटच्या विमानाच्या पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी २७ फूट. आपल्या टू-बीएचकेचा हॉल आठवा! अमेरिकेत दोन गाड्यांचं गॅरेज असतं, तिथेही पूर्ण विमान मावत नाही. म्हणून आधी शेपूट बांधतात आणि भिंतीला टांगतात. मग एकेक पंख बांधून स्टँडवर उभा ठेवतात. मग धड. शेवटी सगळं ट्रेलरवर लादून विमानतळाच्या हँगरमध्ये न्यायचं आणि तिथे पंख जोडायचे.

मग येतो गंज. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होत नाही, म्हणून लोकांना वाटतं ते गंजत नाही. पण दमट, खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते. जिथे अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट टेकतो आणि मध्ये ओल शिरते, तिथे छोटी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून आतल्या भागांना जोडण्याआधी प्राइमर मारतात. पत्रे एकदा रिव्हेटने बंद झाले की आत हात घालता येत नाही.

सगळ्यात नाजूक असतं इंजिन. लायकमिंग ही विमान इंजिनांची मोठी कंपनी. तिचीच सूचना सांगते की खूप दमट भागात नवं इंजिन अवघे दोन दिवस बंद राहिलं तरी सिलिंडरच्या आत गंज सुरू झालेला सापडतो. मग आपण स्कूटर अधूनमधून स्टार्ट करून ठेवतो, तसं करायचं का? नाही, उलट तोटा होतो. जमिनीवर थोडा वेळ चालवलं की तेल पुरेसं तापत नाही. ज्वलनातून आलेलं पाणी तेलातच राहतं आणि त्यातून आम्ल बनतं. तेल नीट तापून पाणी उडून जायला हवेत तासभर उड्डाणच लागतं. तेही शक्य नसेल तर खास प्रिझर्व्हेटिव्ह तेल भरायचं, सिलिंडरला ओल शोषणारे प्लग लावायचे आणि सगळी तोंडं बंद करायची.

म्हणून अनुभवी लोकांचा सल्ला असतो की इंजिन आणि स्क्रीन सगळ्यात शेवटी घ्या. फोनचंच उदाहरण घ्या. आज फ्लॅगशिप फोन घेतला आणि डबा चार वर्षांनी उघडला तर काय होईल? वॉरंटी संपलेली, सॉफ्टवेअर जुनं, आणि तेवढ्याच पैशात बाजारात दुप्पट चांगला फोन. विमानाच्या डिजिटल पॅनलचंही तेच होतं.

किट कंपनीच अडचणीत आली तर?

हे कल्पनेतलं नाही. कोविडनंतर किटची मागणी एकदम वाढली. व्हॅन्स कंपनीने काही भागांची भोकं पंच करण्याऐवजी लेझरने कापलेली घेतली. रिव्हेट बसवण्यासाठी भोकाच्या कडा दाबताना अशा काही भागांत बारीक भेगा दिसू लागल्या. परदेशात अर्धवट जोडून येणाऱ्या काही किटमध्ये गंजाचाही प्रश्न निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याच्या 'चॅप्टर ११'चं संरक्षण घेतलं. जुन्या ऑर्डर चालू ठेवायच्या तर ग्राहकांना वाढीव किंमत मान्य करावी लागली. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली आणि आज किट विकते आहे.

पण त्या काळात ज्यांच्या गॅरेजमध्ये एक पंख तयार आणि दुसरा अजून यायचा, त्यांचं काय झालं असेल? तुमचं विमान अर्धवट असतं, तोवर तुमचं नशीब त्या कंपनीशी बांधलेलं असतं. आणि बांधणी जितकी लांबते, तितका हा धोका वाढतो.

आता महाराष्ट्रात येऊ

आपल्याकडचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. तेही किट न घेता, स्वतःच्या डिझाइनवर. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न यशस्वी झाले नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं. त्यासाठी ते सुटं करून गच्चीवरून खाली आणावं लागलं होतं.

पुढच्या तारखा बघा. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या नावाने. उड्डाणाची परवानगी, म्हणजे परमिट टू फ्लाय, मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. चाचण्या झाल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. लोकांनी विमान पाहिलं त्यानंतर परवानगी मिळेपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. आपण बातमीत 'अखेर परवानगी' एवढंच वाचतो. पण विमान पडून राहिल्यावर त्याचं काय होतं, हे आता तुम्हाला माहीत आहे. मुंबईची हवा समुद्राची, आणि पावसाळा चार महिन्यांचा. तिथे फाइल टेबलावर जितके महिने पडते, तितके महिने यंत्रही झिजतं. उशिराचं बिल बांधणाऱ्यालाच भरावं लागतं.

दुसरं उदाहरण दुःखद आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या २४ वर्षांच्या तरुणाने स्वतःच्या हिमतीवर हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवरच चाचणी सुरू असताना पातं तुटलं आणि त्याचा जीव गेला. तेव्हा सोशल मीडियावर अर्धे लोक त्याला 'रँचो' म्हणत होते आणि अर्धे त्याला नावं ठेवत होते. दोन्ही बाजूंनी एक प्रश्न विचारलाच नाही: चाचणीच्या आधी ते यंत्र बघायला कोणी जाणता माणूस त्याच्याकडे येऊ शकला असता का? त्याने फोन कोणाला करायचा होता?

अमेरिकेत १९५३ पासून ईएए ही हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना आहे. तिचे अनुभवी सदस्य तुमच्या गॅरेजमध्ये येऊन काम तपासतात आणि चुका दाखवतात. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक टप्प्याटप्प्याने सही करतात आणि त्यानंतरच पुढे जायचं. लॉकडाऊनमध्ये केरळच्या एका इंजिनिअरने इंग्लंडमध्ये घरच्यांना हाताशी घेऊन चार सीटचं स्लिंग विमान बांधलं, ती बातमी आपल्याकडे अभिमानाने फिरली. माणूस आपलाच होता. फरक आजूबाजूच्या व्यवस्थेचा होता.

मग अडतंय कुठे?

भारतात १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. नोंदणी आणि परवानगी डीजीसीएकडेच आहे. कायदा नवा झाला हे चांगलंच. पण माझ्या मते हौशी बांधणीसाठी कायद्याइतक्याच दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: जागा आणि तपासणारा डोळा.

जागेचा प्रश्न अमेरिकेलाही सुटला नव्हता. सरकारी निधी घेणाऱ्या विमानतळांवरचे हँगर विमानांच्या कामासाठीच वापरायचे असा नियम, आणि बांधणीतली फक्त शेवटची जोडणी त्यात धरायचे. २०१६ मध्ये एफएएने धोरण बदललं आणि घरगुती विमानाची सगळी बांधणी 'विमानाचं काम' मानली. म्हणजे हँगरचा एक कोपरा हौशी माणसाला हक्काने मिळू लागला. हा बदल लहान दिसतो, पण त्यामुळे विमान पावसात, गच्चीवर, ताडपत्रीखाली राहत नाही.

महाराष्ट्रात धुळे, बारामती, गोंदिया इथे धावपट्ट्या आहेत आणि वैमानिक प्रशिक्षणही चालतं. अशा एखाद्या ठिकाणी सामायिक शेड, दोन निरीक्षक आणि टप्प्याटप्प्याची तपासणी एवढं सुरू केलं तरी चित्र बदलेल. डीजीसीएने कडक राहू नये असं कोणीच म्हणत नाही. विमान कोणाच्या तरी घरावरूनच उडणार आहे. पण कडक तपासणी सुरुवातीपासून हवी. सगळं बांधून झाल्यावर फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगण्याने ना सुरक्षितता वाढते, ना हुरूप.

तुम्हाला खरंच बांधायचं असेल तर

आरसी विमानापासून सुरुवात करा. स्टॉल म्हणजे काय हे हातात रिमोट असताना कळलेलं बरं. मग एखाद्या फ्लाइंग क्लबमध्ये जाऊन विमान जवळून बघा, मेंटेनन्स इंजिनिअरशी बोला. किटच्या वेबसाइटवर किमतीच्या आधी पंखांची रुंदी बघा. किटफॉक्ससारख्या विमानांचे पंख घडी होतात, आरव्ही-१२ चे काढून ठेवता येतात. जागा कमी असणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. फिरणारं पातं असलेलं कोणतंही यंत्र कोणालाही न दाखवता एकट्याने सुरू करू नका. रीलसाठी तर मुळीच नाही.

आणि किटची ऑर्डर देण्याआधी वहीत एक ओळ लिहा: हे विमान पहिल्या दिवशी कुठे असेल, तिसऱ्या वर्षी कुठे असेल आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यावर छप्पर कोणाचं असेल. ती ओळ पूर्ण लिहिता आली, तरच पैसे भरा.