दाढदुखीत रात्र काढावी का?

वऱ्हाडात दाढ ठणकली की आधी लवंग दाबली जाते, मग मेडिकलमधून गोळी येते आणि दवाखाना 'सकाळी पाहू'वर जातो. बहुतेकदा हे निभावते. काही रुग्णांना मात्र तेवढा वेळ नसतो.

खालच्या मागच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोचतात. मुळाशी साठलेला पू तिथून हनुवटीखाली आणि गळ्याकडे उतरतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला हा आजार आजही जीव घेऊ शकतो. नुसत्या गोळ्यांनी तो थांबत नाही. दाताच्या मेलेल्या गाभ्यात रक्तपुरवठा नसल्याने औषध तिथे पोचत नाही. पू काढावाच लागतो. ठणका अचानक थांबला, तर दात बरा झाला असे नव्हे. नस मेलेली असू शकते.

अमरावती-अकोल्यात आणखी एक अडचण आहे, ती खर्ऱ्याची. सुपारी-तंबाखूमुळे अनेकांचे तोंड आधीच कमी उघडते. त्यामुळे संसर्गाने तोंड उघडेनासे झाले, तरी दोष खर्ऱ्यालाच दिला जातो आणि धोक्याची खूण हुकते. अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणेही कठीण जाते.

उशिराची किंमत २०२१ मध्ये दिसली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल फेब्रुवारीत याच दोन जिल्ह्यांत लागली. पुढे राज्यभर म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले. वरचे दात अचानक हलणे, गाल बधिर होणे, टाळू काळी पडणे या त्याच्या खुणा. दात किडल्याचे समजून थांबलेल्यांत बुरशी डोळ्यापर्यंत जाण्याचा धोका वाढत होता. मधुमेहींनी या खुणा आजही लक्षात ठेवाव्यात.

गिळता न येणे, श्वासाला त्रास, आवाज बदलणे, हनुवटीखाली किंवा डोळ्याभोवती सूज, सुजेसोबत ताप, तोंड उघडेनासे होणे यांपैकी काहीही दिसल्यास दंतवैद्याची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून थेट जिल्हा रुग्णालयाचा किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अपघात विभाग गाठावा. शासकीय दंत महाविद्यालय नागपुरात, म्हणजे अमरावतीहून सुमारे दीडशे आणि अकोल्याहून अडीचशे किलोमीटरवर आहे. धारणी-चिखलदऱ्याच्या रुग्णाला अमरावती गाठतानाच घाट उतरावा लागतो. त्यामुळे तिथे निघण्याचा निर्णय आणखी लवकर हवा.

मार लागून पक्का दात निखळला, तर तो मुळाला हात न लावता उचलावा, हलकेच धुवून जागेवर बसवावा किंवा दुधात ठेवून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर स्वच्छ कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरावी. तरीही वाहत राहिले तर रुग्णालयात जावे. सुजलेल्या गालाला शेक देऊ नये.