ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी : खेळ मोबाइलचा, अडचण पदपथाची

मुंबई/ प्रतिनिधी

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर संगणकनिर्मित आकृती बसविण्याच्या तंत्राला ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ म्हणतात. या तंत्राच्या आधारे व्हिडिओ गेमला घराबाहेर काढले ते जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ने. भारतात हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे दाखल झाला. मात्र मुंबईतील हौशी तरुणांनी तो त्याआधीच आडमार्गाने मोबाइलवर उतरवून घेतला होता. जिओशी झालेल्या करारानुसार रिलायन्स डिजिटलची दुकाने खेळाच्या नकाशावर ‘पोकेस्टॉप’ म्हणून झळकली. ग्राहकाला खेळवत दुकानाच्या दारापर्यंत आणण्याचे या तंत्राचे व्यापारी सामर्थ्य त्यातून दिसून आले.

मर्यादाही याच खेळाने उघड केल्या. कॅमेरा, जीपीएस आणि पडदा एकाच वेळी सुरू राहिल्याने बॅटरी झपाट्याने उतरते. कॅमेऱ्याचे दृश्य बंद केले तरी खेळ अडत नाही. याचा अर्थ, यशाचे श्रेय तंत्राच्या चमत्कारापेक्षा नकाशाला, चालण्याला आणि सवंगड्यांना अधिक जाते. केवळ तंत्र आणि प्रसिद्ध नाव पुरत नाही, हे इतर खेळांच्या गतीवरूनही स्पष्ट होते. ‘माइनक्राफ्ट अर्थ’ जून २०२१ मध्ये, तर हॅरी पॉटरवरील ‘विझर्ड्स युनाइट’ जानेवारी २०२२ मध्ये बंद पडला.

मुंबईच्या उपनगरांत प्रश्न आणखी वेगळा आहे. हा खेळ चालणाऱ्यासाठी आहे. पण अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकाबाहेर पडद्यावर नजर ठेवून चालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. पदपथ फेरीवाले आणि दुचाकींनी व्यापलेले, तर रस्ता रिक्षा आणि बसगाड्यांचा. बोरिवली-मुलुंडकरांचा बराचसा वेळ लोकलमध्ये जातो. परंतु वेग वाढला की खेळात चाललेले अंतर मोजले जात नाही. उंच इमारतींच्या दाटीत जीपीएसचा अंदाज चुकतो. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान मोकळे असले, तरी तो बिबट्यांचा अधिवास आहे. तेथे आभासी प्राण्यामागे वाट सोडून जाणे परवडणारे नाही.

आभासी ठिकाण कोठे असावे हे कंपनी ठरवते. गर्दी आणि धोका मात्र त्या परिसराच्या वाट्याला येतो. धार्मिक स्थळे खेळाच्या नकाशावर आल्याने २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती. त्यामुळे अशी ठिकाणे ठरविताना महापालिका, वाहतूक पोलीस आणि स्थानिक रहिवासी यांना विश्वासात घेणे अगत्याचे आहे. हलके चष्मे उद्या बॅटरीचा प्रश्न सोडवतीलही. उपनगरांतील पदपथ मोकळे करण्याचे काम मात्र कोणतेही उपकरण करणार नाही.