भाषेचा चातुर्मास

आंतरराष्ट्रीय राजकारण घेऊन एम.ए. झालेली माझी पुतणी एके दिवशी म्हणाली, "काका, येत्या उन्हाळ्यात मी चिनी शिकायला अमेरिकेला जाते आहे." त्या रात्री आमच्या घरात जो परिसंवाद झडला तो संयुक्त राष्ट्रसंघानेही ऐकावा असा होता. चिनी शिकायला चीनला जायचे सोडून अमेरिकेत कशाला, ही पहिली हरकत. वहिनींची हरकत जेवणाची. आणि उभा जन्म बँकेत काढलेले माझे थोरले बंधू, ज्यांच्या खिशाला चाट बसणार होती, त्यांची हरकत सर्वांत वजनदार : "इंग्रजी येते ना तुला? सगळे जग इंग्रजीत बोलते. मग हा दुसरा खर्च कशासाठी?"

पोरीने वाद घातला नाही. तिने एका तहाची गोष्ट सांगितली. १८८९ साली इटली आणि इथिओपिया यांच्यात वुचाले येथे तह झाला. त्याच्या प्रती दोन, एक इटालियन आणि एक अम्हारिक. सतराव्या कलमात अम्हारिक प्रत म्हणत होती की, परराष्ट्रांशी व्यवहार करताना मेनेलिक राजाला वाटल्यास त्याने इटलीची मदत घ्यावी. इटालियन प्रतीत मात्र ती मदत घेणे त्याला बंधनकारक! त्या आधारावर इथिओपिया आपल्या संरक्षणाखाली आल्याचे इटलीने युरोपला कळवूनही टाकले. मेनेलिकने तह झुगारला, युद्ध पेटले, आणि १ मार्च १८९६ रोजी अड्वाच्या लढाईत इटलीचा सपशेल पराभव झाला. एका क्रियापदापायी हजारो माणसे मेली. (इटलीच्या मनात मुळातच काळेबेरे होते हे खरे, पण निमित्त त्या क्रियापदाने पुरवले.)

करारनाम्यातल्या 'राहील' आणि 'राहू शकेल' यांतला फरक बँकेतल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बंधू गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली.

ती गेली ते ठिकाण म्हणजे व्हर्मांट राज्यातले मिडलबरी कॉलेज. १९१५ साली लिलियन स्ट्रोब नावाच्या जर्मन अध्यापिकेने तेथे उन्हाळ्याच्या सुटीत जर्मन भाषेची शाळा काढली. पुढच्या वर्षी फ्रेंच आली, त्यापुढच्या वर्षी स्पॅनिश. रशियन १९४५ साली, चिनी १९६६ साली. तिथला मुख्य नियम एकच : आल्याबरोबर प्रतिज्ञापत्रावर सही करायची की, मुक्काम संपेपर्यंत जी भाषा शिकायला आलो तिच्याशिवाय दुसऱ्या भाषेत बोलणार नाही, लिहिणार नाही, वाचणार नाही. वर्गात नाही, जेवणाच्या टेबलावर नाही, चेंडू खेळतानाही नाही. भाषेप्रमाणे सात-आठ आठवडे हा प्रकार चालतो. ज्यांना त्या भाषेत एम.ए. करायचे ते साधारण सहा-सहा आठवड्यांचे चार उन्हाळे येतात.

हे ऐकून वहिनी म्हणाल्या, "म्हणजे चातुर्मासातला नेमच की!" त्यांचे अगदी बरोबर होते. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. कोणी कांदा-लसूण सोडते, हिने मातृभाषा सोडली.

परत आल्यावर तिने सांगितलेली हकीकत मला कोणत्याही प्रवासवर्णनापेक्षा आवडली. हिंदी महासागराच्या राजकारणावर तासभर बोलू शकणारी ही मुलगी पहिल्या आठवड्यात फक्त पाणी, भात, थंडी आणि 'मला समजले नाही' एवढेच बोलू शकत होती. समोर बसलेल्या पोराचे तैवानविषयीचे मत तिला साफ चुकीचे वाटे, पण ते चुकीचे आहे हे सांगायला शब्द नाहीत! "काका, आयुष्यात पहिल्यांदा मी नुसते ऐकून घेतले," ती म्हणाली. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'माइ' हा शब्द एका सुरात म्हटला तर विकत घेणे, दुसऱ्या सुरात म्हटला तर विकणे. व्यापारी वाटाघाटींना बसणाऱ्याने हे सूर घोटूनच जावे.

आठ आठवड्यांत भाषा येते असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना चिनी शिकवायला सुमारे ८८ आठवडे धरते, हिंदीला ४४. उन्हाळ्यात होतो तो नुसता श्रीगणेशा.

सरकारांचा भाषेवरचा लोभ मोठा लहरी असतो. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि ज्या जर्मन शाळेपासून मिडलबरीत सारे सुरू झाले तीच बंद पडली; ती पुन्हा उघडली १९३१ साली. शत्रूशी लढायचे, पण त्याचे बोलणे समजून घ्यायचे नाही! उलट १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तेव्हा घाबरलेल्या अमेरिकेने पुढच्याच वर्षी कायदा करून परकीय भाषांसाठी पैसा मोकळा केला. भीती ओसरली की हात पुन्हा आखडतो. कॅलिफोर्नियात मोंटेरे येथे १९५५ साली निघालेल्या संस्थेत भाषा आणि आंतरराष्ट्रीय संबंध ही जोडी एकत्र शिकवली जात आली. ती पुढे मिडलबरीच्याच छत्राखाली गेली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथले निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर झाले. कारण पैशाचे. आमच्या मराठी दरबारात फारसी पत्रव्यवहारासाठी खास पारसनीस असत, त्यांचा पगार कोणी फाजील खर्च म्हणून कापला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हा नेम उलट्या दिशेनेही चालतो. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली स्थापन झाली, आणि तिचे विद्यार्थी मराठी शिकायला पुण्यात येतात. ऐन पावसात छत्री सावरीत 'चमचा' आणि 'चहा' यांतले दोन वेगवेगळे 'च' घोटणारा असा एक तरुण मला मंडईत भेटला होता. त्याची तक्रार अशी की, तो मराठीत विचारी आणि पुणेकर सौजन्याने इंग्रजीत उत्तर देत. दुकानदार, रिक्षावाले, बसमधले आजोबा, सगळे. शेवटी त्याने कोथिंबीर विकणाऱ्या एका आजीबाईंना गाठले. त्यांना इंग्रजीचा गंधही नव्हता. रोज एक जुडी घ्यायची आणि अर्धा तास बोलायचे, असा त्याचा क्रम. खोलीवर कोथिंबिरीचा ढीग साचला होता, आणि "चल, सुटे पैसे काढ, नाटकं नको" हे वाक्य त्याला आजीबाईंच्या ठसक्यासकट येत होते.