पाण्याची पाळी कोणाची?

वेळेचे नियोजन शिकवणाऱ्या पुस्तकांत चोवीस तास आपल्या हातात आहेत असे धरलेले असते. सोलापुरात राहणाऱ्या भगिनींना याचे हसू येईल. उजनीचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पाइपातून येते आणि आपल्या नळाला वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड आले आहे. कधी फज्रच्या आधी, कधी इशानंतर. नळ वाजला की तव्यावरची चपाती सोडून उठायचे.

त्यामुळे आपला आठवडा वारांवर चालत नाही. पाण्याचा एक दिवस, मग बिनपाण्याचे दिवस. चादरी, जड कपडे, फरशी हे सारे पाण्याच्या दिवशी. त्या दिवशी स्वयंपाकाला खिचडी-खट्टा पुरे. बिनपाण्याच्या दिवशी तळण नको, तेलकट भांड्यांवरच अर्धी घागर जाते. एवढे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बिडी वळणाऱ्या किंवा टॉवेलची शिलाई करणाऱ्या बहिणींना तर मुळीच नाही. बिडीची मजुरी हजारावर मिळते, म्हणजे नळाशी गेलेला तास सरळ कमाईतून कापला जातो.

काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. काल रात्री कोणत्या मोहल्ल्यात पाणी आले, हे आम्हा शिक्षकांना सकाळी वर्गात मुलींच्या डोळ्यांवरून कळते. बारा-तेरा वर्षांची पोर पहिल्या तासाला पेंगते, नाहीतर येतच नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, "टीचर, पानी आया था." तिचा भाऊ मात्र इस्त्रीच्या शर्टात वेळेवर हजर! आपला जो वेळ वाचतो, तो कितीतरी घरांत मुलीच्या झोपेतून आणि अभ्यासातून आलेला असतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याच्या घरकामाला बायका दिवसाला २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात असे दिसले. ही सरासरी घरकामात हात घालणाऱ्यांचीच आहे. जे हातच लावत नाहीत, ते पुरुष यात मोजलेले नाहीत.

पैगंबर (स.) घरात काय करत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले. घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असे त्यांनी सांगितले. बुखारी शरीफमधली ही हदीस आपण मजलिसमध्ये ऐकतो, मुलांना सांगतोही. मुलाच्या हातात घागर मात्र देत नाही.

तेव्हा पाळी कागदावर लिहून दारामागे चिकटवावी. मोटार लावणे, टाकीवर चढून पाहणे, पिंपे भरणे ही कामे भावाची आणि अब्बूंची. रात्रपाळी असेल तर अब्बूंना सुट्टीच्या दिवशीचे भरणे द्यावे. आपल्याला आणि मुलीला इतर कामे आहेतच. दादी म्हणतील, पोराला बायकांच्या कामाला लावले! त्यांच्याशी वाद घालू नये. पाळी नेमून देण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. त्यांची नजर चुकवणे घरात कोणालाच जमत नाही.

असर ते मगरिब मुलीला हाक मारायची नाही, एवढे एक पाळले तरी पुष्कळ. पाहुणे आले तर चहा भाऊ नेईल. पेपरच्या आदल्या रात्री तिला नळासाठी उठवायचे नाही, मग दोन पिंपे कमी भरली तरी चालतील. पहिल्या महिन्यात पिंप वाहून जाईल, अंगणात चिखल होईल, मुलगा कुरकुरेल. कपड्यांचा ढीगही एखादा दिवस पडून राहील. राहू द्यावा.

सहामाही परीक्षा जवळ आली आहे. वेळापत्रक मुलांच्या दप्तरात येईल त्याच दिवशी ते काढून घ्या, आणि कोणत्या पेपरच्या आदल्या रात्री आपल्या गल्लीत पाणी येण्यासारखे आहे, ते बोटांवर मोजून त्या रात्रीपुढे मुलाचे नाव लिहा.